डांबरावरची चाकोरी

पुण्यातील रस्त्यांचा विषय निघाला की जंगली महाराज रस्त्याचे नाव पहिल्याने घेतले जाते, आणि ते घेताना बोलणाऱ्याच्या स्वरात, घराण्यातील एखाद्या कर्तबगार पूर्वजाचा उल्लेख करावा तसा, किंचित अभिमान डोकावतो. १९७२ चा दुष्काळ सरला आणि त्यामागून आलेल्या मुसळधार पावसाने शहरातील रस्त्यांची दुर्दशा केली, तेव्हा महापालिकेच्या स्थायी समितीची धुरा वाहणारे श्रीकांत शिरोळे यांनी मुंबईचे रस्ते कसे टिकतात याची चौकशी केली. तीतून 'रेकॉन्डो' या दोघा पारशी बंधूंच्या कंपनीचे नाव पुढे आले, आणि १ जानेवारी १९७६ रोजी दहा वर्षांच्या हमीवर या रस्त्याचे काम तिच्या हवाली झाले. हमीची मुदत संपली, त्यानंतरही कित्येक पावसाळे लोटले, तरी रस्त्याला खड्डा पडेना, ही हकीकत आता शहराच्या दंतकथांत जमा आहे.

या कीर्तीला उणेपणा आणण्याची इच्छा नाही. परंतु त्या रस्त्याने जी परीक्षा दिली ती मुख्यतः पाण्याची होती. वैशाखातल्या दुपारी तुडुंब भरलेल्या मालमोटारी तेथून ओळीने जात नाहीत. ती परीक्षा सोलापूर रस्त्याच्या, नगर रस्त्याच्या आणि कात्रजच्या चढणीच्या वाट्याला आली, आणि तिचा निकाल वाचण्यासाठी आपल्या भाषेत एक जुना शब्द तयारच होता: चाकोरी. बैलगाडीच्या धावांनी मातीत कोरलेली ही जोडरेघ डांबराबरोबर कायमची बुजली असे वाटत असतानाच, सिग्नलपाशी आणि घाटाच्या चढावर ती काळ्या पृष्ठावर पुन्हा उमटली.

याचे कारण डांबराच्या स्वभावात आहे. (खरे डांबर कोळशापासून निघते आणि आपण रस्त्यावर ओततो ते खनिज तेलातून मिळणारे बिटुमेन होय, पण लोकव्यवहाराने हा दावा केव्हाच निकालात काढला आहे.) हा पदार्थ थंडीत घनासारखा, उन्हात द्रवासारखा वागतो, शिवाय भार क्षणभरच पडला तर तो सावरून पूर्ववत होतो, आणि भार रेंगाळला तर हळूहळू सरकतो. म्हणून वेगाने निघून जाणाऱ्या ट्रकपेक्षा चढावर कण्हत जाणारा किंवा लाल दिव्यापाशी उभा राहिलेला ट्रक रस्त्याला अधिक जाचतो. ३० एप्रिल १८९७ रोजी पुण्यात पारा ४३.३ अंशांवर गेल्याची नोंद आहे. पण तो हवेचा पारा. काळा रस्ता ऊन पिऊन त्याहून पुष्कळच अधिक तापतो.

आता रस्ते तपासण्याच्या आपल्या परीक्षापद्धतींचा इतिहास पाहावा, तर त्या मोठ्या संथपणे या उन्हाकडे सरकलेल्या दिसतात. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ऑटवा येथे १९५८ ते १९६० अशी दोन वर्षे मुद्दाम बांधलेल्या वळणांवरून ट्रक फिरवण्यात आले, आणि त्यातून आसाचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची हानी सुमारे सोळापट होते हा सर्वत्र प्रमाण मानला गेलेला हिशेब निघाला. तो आपणही घेतला, परंतु ऑटवाच्या भूमीला हिवाळ्यात गोठण्याची आणि वसंतात वितळण्याची सवय होती. बेंकेलमन या अभियंत्याची लांब दांडी आपल्याकडे आली, तिची तजवीज मोठी रम्य आहे: मागील आसावर सुमारे ८.१७ टन भार घेतलेला ट्रक उभा करायचा, त्याच्या जोडचाकांच्या फटीत दांडीचे टोक सारायचे, ट्रक सावकाश पुढे न्यायचा आणि दबलेला रस्ता किती वर उठतो ते मिलिमीटरच्या अंशांत टिपायचे. जवळच एका भोकात ग्लिसरीन भरून डांबराचे तापमानही पाहायचे. मात्र हे सारे पावसाळ्याच्या सुमारास, कारण तेव्हा खालची माती सर्वांत दुबळी असते. आणि आलेले आकडे ३५ अंशांच्या मापात बसवायचे. दांडी पायाची कैफियत चोख घेते. वरचा थर उन्हात मऊ होऊन सरकतो का, हा प्रश्न तिच्या कक्षेतच नाही.

खुद्द बिटुमेनची प्रत दीर्घकाळ २५ अंशांवर, १०० ग्रॅम भाराची सुई पाच सेकंदांत किती रुतते यावरून ठरत असे. पंचवीस अंश म्हणजे पुण्यातली सुखद संध्याकाळ! मार्शल नावाच्या कसोटीत खडी आणि बिटुमेन यांच्या मिश्रणाचा गोळा ६० अंशांच्या पाण्यात ठेवून दाबला जाई, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. आणि २००६ मध्ये भारतीय मानकाने सुईऐवजी ६० अंशांवरील चिकटपणा प्रमाण मानला, तेव्हा कोठे बिटुमेनची ओळख आपल्या उन्हाळ्यात पटवली जाऊ लागली. तापलेल्या लादीवरून छोटे चाक हजारो वेळा फिरवून उमटणाऱ्या चाकोरीची खोली मोजणारे यंत्र हे याच्याही पुढचे पाऊल.

दरम्यान भार काही थांबला नव्हता. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने चार चाकांच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. वाढ कागदावर तेरा टक्क्यांच्या आत दिसते; पण ऑटवाच्या हिशेबाने, म्हणजे चतुर्थ घातात, मोजली तर हानी दीडपटीहून जास्त होते, आणि मर्यादेपलीकडे भरलेल्या वाळूच्या गाड्या या हिशेबात नाहीत.

एप्रिल-मे महिन्यांत थांब्यांपाशी आणि चौकांपाशी डांबर असे मुकाट्याने सरकते, चाकांखाली खोलगट होते, कडेला फुगते. कोणी तक्रार करीत नाही, कारण रस्ता अखंड असतो. मग जूनचा पहिला पाऊस त्या दोन चाकोऱ्यांत साचतो, पाणी खडीला चिकटलेले बिटुमेन सोडवू लागते, आणि जुलैत खड्डा पडला की महापालिकेच्या दफ्तरात कारण नोंदले जाते: पाऊस.