उन्हाला न भिणारी रुपेरी झाडे

आमच्या वस्तीत नळाला एक दिवसाआड पाणी येते. ते भरायला घरातल्या बायकांना पहाटे उठावे लागते. अशा पाण्यावर आम्ही दारापुढे गुलाब लावले आणि मे महिन्यात घरातून ऐकून घेतले, "प्यायला पाणी पुरेना आणि तुमचे गुलाब!" बोलणे खरेच होते. गुलाब तर वाळलेच. पण भिंतीकडेची रुई, जिला कोणी थेंबभर पाणी घातले नव्हते, ती भर उन्हात ताठ उभी होती!

रुईच्या पानावरून बोट फिरवून पाहा. पांढरी भुकटी लागते. रुपेरी पानांवर अशीच बारीक लव किंवा थर असतो. तो ऊन परतवतो आणि पानातली ओल लवकर उडू देत नाही.

इंग्लंडमधील बेथ चॅटो (निधन २०१८) या बाईंनी अशा झाडांची बाग केली. त्यांच्या एसेक्स भागात वर्षाला जेमतेम २० इंच पाऊस. तेथे त्यांनी १९९१-९२ साली गाड्या उभ्या करण्याच्या जुन्या जागेवर घट्ट जमीन फोडली, कुजलेले खत मिसळले, रुपेरी पानांची, वर्षानुवर्षे टिकणारी सँटोलिना, आर्टेमिसिया यांसारखी झाडे लावली आणि वर खडी पसरली. रुजल्यावर वरून पाणी दिलेच नाही.

आपला पावसाळा मोठा, म्हणून तीच झाडे आणण्याचा हट्ट नको. आपल्याकडे रोपवाटिकेत ल्युकोफायलम मिळते. ते मूळचे टेक्सास-मेक्सिकोकडचे. हवा दमट झाली की जांभळी फुले येतात. त्याचे पहिले रोप आम्हीच मारले. रोज तांब्याभर पाणी घातले आणि मुळे कुजली! ही झाडे तहानेपेक्षा लाडाने मरतात.

तेव्हा वाचकहो, एवढे करा. दिवसभर ऊन लागेल अशी जागा निवडा. जुन्या डब्याला तळाशी भोके पाडा. मातीत जाड वाळू आणि विटांचे तुकडे मिसळा. वर खडी पसरा. रोप रुजेपर्यंत बेताने पाणी द्या. पुढे दोन बोटे माती कोरडी झाल्याशिवाय देऊ नका. पावसाळ्यात डबा विटांवर ठेवा. रुई असेल तर तिचा चीक मुलांच्या डोळ्यांत जाऊ देऊ नका.

आमचे दुसरे रोप भाजी धुतलेल्या पाण्यावर जगले आहे. प्यायची घागर घरातच राहते आणि बोलणीही बसत नाहीत.