थ्री इंटू ट्वेल्व

फळ्यासमोर उभं राहून ‘थ्री इंटू ट्वेल्व’ म्हटलं की आपल्या डोक्यात छत्तीस येतात. अमेरिकन पोराच्या डोक्यात येतात चार, कारण त्याच्या शाळेत ‘इंटू’ म्हणजे बारामध्ये तीन किती वेळा जातात ते. आपला ‘एफ डॅश’ तिथे ‘एफ प्राइम’ असतो, आपलं ‘अपॉन’ तिथे ‘ओव्हर’. आणि तासाच्या शेवटी ‘एनी डाउट्स?’ विचारलं तर पोरं एकमेकांकडे बघतात. तिथे डाउट म्हणजे शंका नव्हे, अविश्वास. पुण्या-मुंबईहून पीएच.डी.साठी गेलेल्या कित्येकांची टीएगिरी, म्हणजे टीचिंग असिस्टंटची नोकरी, अशी सुरू झाली. आपल्याला इंग्रजी येतंच, या खात्रीनेच माणूस वर्गात शिरायचा आणि नेमकं बिनसलं कुठे, हे त्याला कळायचं नाही.

मुळात हा व्यवहार पैशाचा. फी माफ, वर महिन्याचा भत्ता, बदल्यात पहिल्या वर्षाचे कॅल्क्युलस किंवा केमिस्ट्रीचे तास घ्यायचे. सत्तरच्या दशकापासून गणित-अभियांत्रिकीच्या विभागांत परदेशी विद्यार्थी वाढत गेले, आणि चिनी, कोरियन, इराणी, भारतीय टीए मोठ्या संख्येने फळ्यापुढे उभे राहिले. पोरांनी घरी कुरकुर केली, पालकांनी आमदारांकडे. १९८४मध्ये कॅथलीन बेली आणि सहकाऱ्यांनी संपादित केलेल्या पुस्तकात या सगळ्याला ‘फॉरेन टीए प्रॉब्लेम’ हे नाव छापून आलं. प्रॉब्लेम कुणाचा, हे त्या नावातच ठरून गेलं होतं. फ्लोरिडाने १९८३मध्ये कायदा केला, ओहायोने १९८६मध्ये, पेनसिल्व्हेनियाने १९९०मध्ये. शिकवणाऱ्याला इंग्रजी नीट बोलता येतं, याची हमी आता विद्यापीठाने द्यायची.

हमी द्यायची तर मोजमाप हवं. परदेशी विद्यार्थ्यांच्या इंग्रजीची परीक्षा घेणाऱ्या तेव्हाच्या टोफेलमध्ये बोलायची परीक्षाच नव्हती. ती आली २००५मध्ये. तोवर ‘स्पीक’ नावाची चाचणी चाले. समोर माणूस नाही, टेपरेकॉर्डर. त्याच्याशी गप्पा मारून दाखवायच्या आणि त्यावर तुम्ही माणसांशी बोलू शकता की नाही, ते ठरायचं!

चाचणीच्या जोडीला टीएंचं प्रशिक्षणही आलं. सुरुवातीला त्याचा भर उच्चारांवर. आपल्या मंडळींचे ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ वेगळे करायचे, टाळूला लागणारे ट-ड जरा पुढे आणायचे. वाईट नाही, पण दुखणं वेगळंच होतं. २००४मध्ये लॉरा हान यांनी एका परदेशी टीएचं एकच व्याख्यान तीन तऱ्हांनी ऐकवलं: वाक्यातला जोर योग्य शब्दावर, चुकीच्या शब्दावर आणि कुठेच नाही. जोर जागेवर असलेलं व्याख्यान पोरांच्या जास्त लक्षात राहिलं. मराठी माणसाला हे चटकन पटावं. ‘हेच उत्तर’ म्हणताना आपलं काम तो ‘च’ करतो, आवाजाला फार कष्ट पडत नाहीत. इंग्रजीला ‘च’ नाही. तो आवाजानेच लावावा लागतो. आपण लावत नाही, आणि मग पन्नास मिनिटं एकाच पट्टीत वाहत राहतात. कुठलं वाक्य वहीत उतरवायचं, ते समोरच्याला कळत नाही.

त्याआधी, १९९२मध्ये, जॉर्जिया विद्यापीठाच्या डोनाल्ड रुबिन यांनी केलेला प्रयोग मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत बोचरा वाटतो. अमेरिकेतच वाढलेल्या बाईचं व्याख्यान त्यांनी ध्वनिमुद्रित करून विद्यार्थ्यांना ऐकवलं. आवाज तोच, काहींना गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काहींना आशियाई बाईचा. आशियाई चेहरा पाहिलेल्यांना कमी समजलं. टेपवर नसलेला परका हेल डोळ्यांनी कानांना ऐकवला होता.

कायदे करणाऱ्यांनी हा प्रयोग मनावर घेतला म्हणावं, तर तसंही दिसलं नाही. २००५मध्ये नॉर्थ डकोटात एक विधेयक आलं. दहा टक्के विद्यार्थ्यांनी शिक्षकाच्या इंग्रजीबद्दल तक्रार केली तर त्याला शिकवण्यावरून हटवायचं, असं मूळ मसुद्यात होतं. पुढे ते मवाळ झालं. अर्थशास्त्रज्ञांतही एकमत नव्हतं. जॉर्ज बोर्हास यांना २०००मध्ये परदेशी टीएंमुळे गुण घसरताना दिसले, तर ओहायो स्टेटच्या तिघांनी दोनच वर्षांनी लिहिलं की पारख आणि प्रशिक्षण नीट असेल तर हे टीए कुठे कमी पडत नाहीत.

प्रशिक्षण मात्र बदलत गेलं. पर्ड्यूसारख्या विद्यापीठांनी स्वतःच्या चाचण्या घडवल्या. दहा मिनिटांचा लुटुपुटुचा तास, त्याचं चित्रीकरण, मग स्वतःलाच पडद्यावर पाहणं. फळ्याकडे तोंड करून बोलायची सवय तिथे जेवढी उघडी पडते, तेवढी कुठल्याच गुणपत्रिकेत पडत नसेल. पोरं पहिल्या नावाने हाक मारणार, मध्येच सँडविच खाणार, आणि हा अपमान नव्हे, हेही शिकवावं लागलं.

लॉस एंजेलिसच्या यूसीएलएत होणाऱ्या चाचणीत टेपरेकॉर्डरच्या जागी माणसं आली आहेत. समोर दोन पदवीचे विद्यार्थी बसतात, खरेखुरे. होतकरू टीएने त्यांना आपल्या विषयातलं काहीतरी समजावायचं. त्यांनी मध्येच हात वर करून विचारायचं.