चापाचे तारतम्य

नेमबाजीकडे दुरून पाहणाऱ्यास बंदुकीची सारी अचूकता तिच्या नळीत आणि नेमबाजाच्या डोळ्यांत साठवलेली आहे असे वाटते. परंतु ज्याने हवाई बंदूक खांद्यास लावून कागदी लक्ष्याशी काही काळ झुंज घेतली आहे, तो जाणतो की, नेम उत्तम साधला असताही छर्रा भलतीकडे जातो आणि या अनर्थाचे मूळ पुष्कळदा तर्जनीखालच्या चिमुकल्या चापात असते. सुमारे ३ किलो वजनाच्या बंदुकीचा चाप ओढण्यास २ किलोंहून अधिक जोर लागत असेल, तर त्या जोराचा काही अंश मुठीतून दस्त्यात उतरून नळीचे तोंड हलवल्यावाचून राहत नाही. नेम धरण्याची मागची खाच आणि पुढची माशी यांत अर्ध्या मीटरचे अंतर धरले, तर माशी एक दशांश मिलिमीटर सरकताच १० मीटरांवर छर्रा २ मिलिमीटरने चुकतो. आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धेतील एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटर व्यासाचा असून त्याबाहेरचे प्रत्येक वलय अडीच मिलिमीटर रुंद असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या चुकीची किंमत कळते.

कमानीच्या हवाई बंदुकीची रचना पाहिली की या जडपणाचे कारण उलगडते. नळी मोडून कमान दाबली असता दट्ट्या मागे सरकतो आणि एक पोलादी अडकण त्यास कमानीच्या प्रचंड रेट्यासह रोखून धरते. या अडकणीस तिच्या आधारावरून निसटवणे, एवढेच चापाचे काम. दोन पोलादी पृष्ठभाग एकमेकांत जितके खोल अडकलेले, तितकी बंदूक निर्धास्त, पण चापाची ओढ तितकीच लांब आणि खरखरीत. उत्तम चापात हा प्रवास दोन टप्प्यांत वाटलेला असतो : पहिल्यात बोट सहज मागे येते आणि अडकण बरीचशी सरकते, दुसऱ्यात एक स्पष्ट अटकाव जाणवतो व त्यापुढे अल्पशा दाबाने छर्रा सुटतो. स्वस्त बंदुकीत हे टप्पे एकमेकांत मिसळून जातात आणि छर्रा नेमका केव्हा सुटेल याचा अदमास बोटास लागत नाही.

कारखानदारांस हे ठाऊक नसते असे नव्हे. मात्र हजारोंनी विकली जाणारी बंदूक कोणत्या अननुभवी हातांत पडेल याचा नेम नसल्याने ते जड चापाचीच तजवीज करतात. स्पेनमधील बार्सिलोनाजवळच्या गामो कंपनीच्या बंदुका माफक किमतीमुळे जगभर पसरल्या, परंतु त्यांच्या चापाविषयी तक्रार इतकी सार्वत्रिक झाली की, मूळ चापाच्या जागी बसणारे आणि समायोजनाचे स्क्रू असलेले धातूचे चाप घडवून विकण्याचा एक लहानसा धंदाच अमेरिकेत उभा राहिला. याउलट जर्मनीतील मेलरिखश्टाट येथील वाइरॉख कंपनीची ‘रेकॉर्ड’ नावाची चाप-यंत्रणा स्वतंत्र पेटीत बसवलेली, अनेक तरफांची व मुळातच समायोज्य असल्याने नामांकित झाली. तरीही बोटाच्या सोयीसाठी तिचा केवळ बाहेरचा चाप बदलून घेणारे हौशी लोक आहेतच.

या सुट्या भागांत जादू नाही. आहे तो तरफेचा सनातन नियम. चापाचा टेकू किंवा स्पर्शबिंदू थोडा सरकवला की ओढ हलकी होते, परंतु जोरात जे वाचले ते अंतरात फेडावे लागते. ते अंतरही नको असेल, तर अडकणीची खोलीच कमी करावी लागते. म्हणजे हलकेपणाचे मोल सुरक्षिततेच्या शिलकेतून चुकवावे लागते. ती शिल्लक संपली की बंदूक किरकोळ धक्क्यानेही सुटू शकते, आणि मोडलेल्या नळीत छर्रा भरत असता अडकण निसटली, तर नळी वेगाने उसळून बोटांचा चेंदा करते. सबब छर्रा भरताना नळी एका हाताने घट्ट धरून ठेवावी. ही खबरदारी ऐच्छिक नव्हे.

ठाण्याचा नेमबाज रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरो येथे ज्या प्रकारात जगज्जेता ठरला, त्या १० मीटर एअर रायफलमध्ये चापाच्या ओढीच्या किमान वजनाचे बंधन नाही, तर एअर पिस्तुलास किमान ५०० ग्रॅमांचा दंडक आहे. स्पर्धेच्या रायफलींचे चाप शंभरेक ग्रॅमांवर सुटत असले, तरी ती यंत्रणा त्या हलकेपणासाठीच घडवलेली असते आणि तिच्याभोवती मैदानाची कडक शिस्त उभी असते. बागेत किंवा गच्चीवर चालवल्या जाणाऱ्या बंदुकीस ते परिमाण लावणे अविचाराचे होय. तिथे हवा तो सर्वांत हलका चाप नव्हे, तर दर वेळी त्याच जागी, त्याच दाबास सुटणारा चाप.

चाप बदलताना म्हणूनच एक परीक्षा अवश्य करावी. एकाच डबीतले छर्रे, तेच अंतर आणि तोच आधार घेऊन बदलापूर्वीचे व बदलानंतरचे लक्ष्यकागद शेजारी ठेवावेत. छिद्रांचा पुंजका आकसला असेल तर नव्या भागाने आपली किंमत वसूल केली, आणि तो होता तेवढाच राहिला असेल तर दोष छर्र्यांत, कमानीत किंवा नेमबाजाच्या उभे राहण्यात आहे असे समजून मूळ चाप निमूटपणे परत बसवावा.