गंगापूर मोठं की जायकवाडी?
मोजमापांची लेखमाला : भाग 7

गेल्या रविवारी नाशिकची माझी भाची आली होती. आठवीत आहे. तिला शाळेच्या प्रकल्पासाठी गोदावरी खोऱ्यातल्या धरणांची माहिती जमवायची होती, म्हणून तिने वर्तमानपत्रांतली धरणसाठ्याची कात्रणं एका वहीत चिकटवली होती. चहा होतोय तोवर तिने विचारलं, "मामा, गंगापूर धरण जायकवाडीपेक्षा मोठं आहे का?" मी नाही म्हणालो. तिने वही पुढे केली. एका कात्रणात गंगापूरची क्षमता 5,630. दुसऱ्यात जायकवाडीचा उपयुक्त साठा 2,171. आकड्यांवर विश्वास ठेवला तर नाशिककरांचं गंगापूर पैठणच्या नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाच्या, अडीचपटीहून मोठं ठरत होतं.

मुलीचं काहीच चुकलं नव्हतं. तिने कात्रण कापताना तक्त्याच्या माथ्यावरची बारीक ओळ तेवढी सुटली होती. पहिल्या तक्त्यावर होतं ‘दलघफू’, दुसऱ्यावर ‘दलघमी’. दशलक्ष घनफूट आणि दशलक्ष घनमीटर. शेवटचं एक अक्षर काय ते वेगळं, आणि त्या अक्षरात पस्तीस पटींचा फरक.

मागच्या भागात आपण कॅनडातल्या त्या विमानाची गोष्ट पाहिली. 1983 साली किलोच्या जागी पौंडाचा गुणक वापरला गेला, हवं त्याच्या निम्म्याहून कमी इंधन घेऊन विमान उडालं आणि वाटेतच इंजिनं बंद पडली. तिथे घोटाळा वजनाच्या एककांचा होता, म्हणजे साधारण सव्वादोन पटींचा. आज घनमापाकडे वळू. इथे चूक झाली की ती फार मोठी होते, आणि ती का मोठी होते हे समजून घेण्यासारखं आहे.

मीटर आणि फूट यांचं नातं सगळ्यांना पाठ असतं. 1 मीटर म्हणजे 3.28 फूट. आता जमिनीवर एक फूट बाय एक फूट मापाच्या शहाबादी फरश्या आहेत असं समजा. खडूने एक मीटर बाय एक मीटर चौकोन आखला तर त्यात किती फरश्या मावतील? 3.28 नव्हे. लांबीत 3.28 आणि रुंदीतही 3.28, म्हणजे 3.28 गुणिले 3.28, पावणेअकराच्या आसपास. आता त्या चौकोनावर मीटरभर उंचीची टाकी उभी करा. तिच्यात 1,000 लिटर पाणी मावतं. कित्येक घरांच्या गच्चीवर असते ती हजार लिटरची टाकी म्हणजे बरोबर 1 घनमीटर. फूटभर लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच डब्यात मात्र 28.3 लिटरच मावतं. त्या डब्याने टाकी भरायला घेतली तर 35 डबे पुरे ओतावे लागतील आणि छत्तिसाव्यातलं थोडं. 3.28 ला तीनदा मांडून गुणलं की हेच 35.3 येतं.

लांबीचा गुणक एकदा, क्षेत्रफळाचा दोनदा, घनफळाचा तीनदा. एककांच्या रूपांतरात सर्वाधिक चुका इथे होतात असं माझं शिकवतानाचं निरीक्षण आहे. मुलं 3.28 पाठ करतात आणि जिथे फूट-मीटर दिसेल तिथे लावून मोकळी होतात.

म्हणून मी भाचीला एक जुनीच सवय लावून घ्यायला सांगितली. आकडा लिहिताना एकक सोबत लिहायचं आणि गुणाकार-भागाकार एककांचाही करायचा. 1 घनमीटर आणि 35.31 घनफूट या एकाच पाण्याच्या दोन नोंदी आहेत, तेव्हा ‘35.31 घनफूट भागिले 1 घनमीटर’ या अपूर्णांकाची किंमत 1 आहे. कोणत्याही राशीला 1 ने गुणलं तर ती बदलत नाही, तिचं नुसतं एकक बदलतं. भाचीने वहीत मांडलं:

2,171 दलघमी × (35.31 दलघफू ÷ 1 दलघमी) = 76,658 दलघफू

वरचं दलघमी आणि खालचं दलघमी एकमेकांना छेदून गेले, उरलं दलघफू. गुणायचं की भागायचं हा प्रश्न आला की याच छेदण्याकडे बघावं. अपूर्णांक चुकून उलटा मांडला असता तर एकक छेदलंच नसतं, उत्तरात ‘दलघमी गुणिले दलघमी भागिले दलघफू’ असं काहीतरी लोढणं राहिलं असतं, आणि चूक तिथल्या तिथे हाती लागली असती.

हजार दलघफू म्हणजे 1 टीएमसी, अर्थात एक हजार दशलक्ष घनफूट. म्हणजे जायकवाडीचा उपयुक्त साठा 76.66 टीएमसी. जलसंपदा खात्याच्या तक्त्यात तो 76.65 असा दिसतो. शेवटच्या अंकातल्या एवढ्याशा फरकाची काळजी करण्याचं कारण नाही. जलाशयातली पाण्याची पातळी मोजून, तक्त्यावरून साठा काढतात. गाळ साचत असतो, पाण्यावर लाटा असतात. तिथे दुसऱ्या दशांशाला अर्थ नसतो.

गंगापूरचे 5,630 दलघफू म्हणजे 5.63 टीएमसी, किंवा 159 दलघमी. जायकवाडीचा उपयुक्त साठा त्याच्या साडेतेरा पट आहे. आणि हा झाला फक्त उपयुक्त साठा. मृतसाठ्याचे 738 दलघमी धरले तर जायकवाडीची एकूण क्षमता 2,909 दलघमी, म्हणजे 102.7 टीएमसी होते.

भाचीने मग स्वतःहून एक गोष्ट करून पाहिली, ती मला फार आवडली. 35.31 ऐवजी 3.28 लावलं असतं तर काय झालं असतं? उत्तर आलं 7,121 दलघफू, सव्वासात टीएमसीहूनही कमी. या चुकीत धोका आहे तो असा की उत्तर वेडगळ दिसत नाही. गंगापूरपेक्षा जायकवाडी थोडंसं मोठं, हे कुणालाही पटून जाईल. उत्तर अगदीच विचित्र आलं तर माणूस थांबून पुन्हा बघतो. पटण्यासारखं आलं की पुढे जातो.

आपल्याकडे ही दोन-दोन मापं शिल्लक राहिली याला इतिहास आहे. ब्रिटिश अमदानीतली धरणं फुटांत मोजली गेली. 1926 साली पूर्ण झालेलं भंडारदरा आजही 11,039 दलघफूचं म्हणूनच ओळखलं जातं. 1956 साली मापं-वजनांचा कायदा झाला, 1957 मध्ये नवे पैसे आले, मग शेर जाऊन किलो आला, वार जाऊन मीटर आला. पाणी मात्र अर्धं घनफुटातच राहिलं, आणि त्याचं एक मोठं कारण न्यायनिवाडे आहेत. कृष्णा खोऱ्याच्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला 560, कर्नाटकाला 700 आणि आंध्राला 800 टीएमसी पाणी दिलं. राज्यांनी वर्षानुवर्षं ज्या आकड्यांवरून भांडावं ते आकडे टीएमसीत कोरले गेले. मग कोयना 105 टीएमसीची आणि उजनी 117 टीएमसीची म्हणूनच लोकांच्या तोंडी बसली. यात गैर काही नाही. टीएमसी हे चांगलं, हाताळायला सोपं एकक आहे. अडचण येते ती एकाच नदीवर वर एक माप आणि खाली दुसरं असल्यावर.

साठ्यानंतर विसर्ग. इथे आणखी एक गोष्ट मिसळते ती वेळ. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, सेकंदाला 28.3 लिटर. ‘प्रतिसेकंद 30 हजार क्युसेक’ असं छापलेलं दिसतं, त्यातला ‘प्रतिसेकंद’ जादाचा आहे. तो क्युसेकच्या पोटातच आहे. आणि ‘दिवसभरात 30 हजार क्युसेक पाणी सोडलं’ या वाक्याला तर अर्थच लागत नाही. गाडी ‘दिवसभरात ताशी 60 किलोमीटर गेली’ असं कुणी सांगितलं तर आपण विचारू, किती तास चालली? क्युसेकलाही हेच विचारायचं.

समजा जायकवाडीच्या वरच्या अंगाला असलेल्या नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यातून 30,000 क्युसेक विसर्ग अखंड 24 तास चालू राहिला. दिवसाचे सेकंद 86,400. गुणाकार केला की सेकंदाला सेकंद छेदतो आणि 259 कोटी घनफूट उरतात, म्हणजे 2.59 टीएमसी, म्हणजेच 73 दलघमी. ते सगळं नाथसागरात पोचलं तर उपयुक्त साठा साधारण 3.4 टक्क्यांनी वाढेल. एक आकडा लक्षात ठेवायचाच असेल तर 11,574 ठेवा. तेवढे क्युसेक पूर्ण दिवस वाहिले की 1 टीएमसी होतो. पूर आल्यावर नगर-नाशिकचं पाणी पाहून मराठवाड्यातला माणूस याच हिशेबाने दिवस मोजत असतो.

पाटपाण्यावर शेती करणाऱ्यांसाठी इथे एक सुरेख योगायोग आहे. एकर म्हणजे 40 गुंठे, 43,560 चौरस फूट. त्यावर एक इंच पाणी उभं करायचं तर 3,630 घनफूट लागतं. आणि चारीला 1 क्युसेक पाणी तासभर चाललं तर येतं 3,600 घनफूट. जवळपास तेवढंच! म्हणजे आवर्तनात आपल्या पाळीला एक क्युसेक पाणी तीन तास आलं, तर एका एकरावर तीन इंच. चारीतला पाझर आणि गळती त्यातून वजा करायची. पाटकऱ्याशी बोलताना हा हिशेब जवळ असलेला बरा.

फुटांनी आपल्याला ही एक देणगी दिली खरी, पण पावसाचा हिशेब करायला लागलो की दशमान पद्धतीचं मोठेपण कळतं. पाऊस मिलिमीटरमध्ये, म्हणजे लांबीत का मोजतात? कारण पाण्याच्या घनफळाला जमिनीच्या क्षेत्रफळाने भागलं की लांबीच उरते. एक चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर 1 लिटर. एक गुंठ्यावर 101 लिटर. एक हेक्टरवर 10,000 लिटर. एक चौरस किलोमीटरवर 1,000 घनमीटर. कुठेही गुणक पाठ करावा लागत नाही, शून्यं तेवढी सांभाळायची.

जायकवाडीचं पाणलोट क्षेत्र 21,750 चौरस किलोमीटर आहे. तिथे सगळीकडे 1 मिलिमीटर पाऊस पडला तर आकाशातून आलेलं पाणी 21.75 दलघमी. 100 मिलिमीटर पडला, जुन्या माणसांच्या भाषेत चार इंच, तर 2,175 दलघमी. जायकवाडीचा उपयुक्त साठा 2,171! भाचीने हे दोन आकडे एकाखाली एक लिहिले आणि थोडा वेळ गप्प बसून बघत राहिली. मग तिने विचारलं, "मग धरण दरवर्षी का भरत नाही?" तिथून पुढची गोष्ट एककांची राहत नाही. पाऊस आधी जमिनीत मुरतो, पिकं पितात, त्याची वाफ होते, वरच्या धरणांत अडतो. वरच्यांनी किती अडवायचं आणि खाली किती सोडायचं, यावर दुष्काळी वर्षात नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात मोर्चे निघतात, कोर्टकचेऱ्या होतात. तो प्रश्न न्यायाचा आहे आणि गणिताने सुटणारा नाही. पण तो निदान एका मापात मांडला जावा. वरचा माणूस 5,630 म्हणतो आणि खालचा 2,171, तेव्हा दोघंही खरं बोलत असून एकमेकांना खोटं ठरवतात.

माझं मत स्पष्ट आहे. एका खोऱ्यातल्या सगळ्या धरणांचे आकडे एकाच एककात छापले जावेत. दलघमी असावं, कारण पावसाशी त्याचा मेळ सरळ बसतो, आणि शेजारी टीएमसी द्यावा, कारण लोकांच्या कानाला तो सरावलेला आहे. नुसती टक्केवारी देऊन भागत नाही. गंगापूर 50 टक्के आणि जायकवाडी 50 टक्के यांत 1,000 दलघमीहून अधिक पाण्याचं अंतर आहे.

तोवर एक विनंती. कित्येक गावांत चावडीपाशी किंवा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोजचा धरणसाठा खडूने लिहिला जातो. लिहिणाऱ्याने आकड्यापुढे एकक पूर्ण अक्षरांत लिहावं : दशलक्ष घनफूट किंवा दशलक्ष घनमीटर. आणि ज्यांच्या घरात शाळकरी मूल आहे त्यांनी उद्याच्या पेपरातला तक्ता माथ्यावरच्या बारीक ओळीसकट कापून त्याच्या हाती द्यावा.

(पुढील आठवड्यात : तोळा, ग्रॅम आणि कॅरेट)