कंबर धरली म्हणून खाट धरू नका



गळीत हंगाम सुरू झाला की गावोगाव एकच तक्रार ऐकू येते, "कंबर धरली बघा!" लागण, बांधणी, खताची पोती, सगळे काम वाकूनच. तोडणी मजुरांचे तर विचारूच नका. दिवसभर वाकून कोयता चालवायचा आणि वर डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे.

यावर घरोघरचा उपाय म्हणजे पडून राहा. आम्हीही एका हंगामात तीन आठवडे खाट धरली. उठलो तेव्हा दुखणे थोडे कमी, पण पायांतले बळच गेलेले. शेवटी फिजिओथेरपिस्टकडे गेलो. वाटले, शेक देतील, चोळतील. त्यांनी आधी सांगितले, "चालून दाखवा. बसा, उठा. ती पिशवी उचला."

हालचाल हाच या शास्त्राचा पाया. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० नंतरच्या दशकात याचे शिक्षण सुरू झाले. अमेरिकेतील हेलन हिस्लॉप यांनी १९७५ साली आपल्या व्यवसायबंधूंना हेच ठासून सांगितले की, हालचालीतील बिघाडाचा अभ्यास ही आपली खरी विद्या. दुखते कुठे एवढेच पाहून भागत नाही, अडते कुठे तेही पाहावे लागते. जोडीतला एक बैल अंग चोरू लागला की दुसऱ्यावर सारी ओढ येते. तसाच खुबा ताठरला की वाकण्याचा भार कंबरेवर पडतो. आमचे नेमके हेच झाले होते.

फिनलंडमधील हेलसिंकी शहराच्या १८६ नोकरदारांची पाहणी १९९५ साली प्रसिद्ध झाली. कंबर दुखू लागल्यावर काहींना दोन दिवस झोपवले, काहींना व्यायाम दिले, तर काहींना झेपेल तसे रोजचे व्यवहार चालू ठेवायला सांगितले. हे तिसरे लोक सर्वांत लवकर सावरले.

याचा अर्थ दुखत्या कंबरेने पोती उचला असा नव्हे. थोडे थोडे चाला, ओझे अंगालगत धरा, ओझ्यासह कंबर पिळू नका. मात्र पाय बधिर किंवा लुळा पडला, लघवी-शौचावरचा ताबा गेला, ताप आला किंवा पडून मार लागला असेल, तर वेळ न घालवता डॉक्टरांकडे जा.

आणि एक विनंती. फडात एखाद्या मजुराची कंबर धरली, तर मुकादमाला सांगून त्याला चार दिवस हलके काम द्या. त्याला खोपीत पाडून ठेवू नका आणि मोळीखालीही घालू नका. आपला ऊस त्याच्याच कंबरेच्या जोरावर कारखान्यावर पोचतो.