मोठे सरोवर आणि लहान होडी

समुद्राचे भय सर्वांस वाटते; सरोवराचे फारसे कोणास वाटत नाही. त्याचे पाणी गोडे असते, भरती-ओहोटी डोळ्यांस जाणवत नाही, आणि कोणत्याही दिशेस गेले तरी शेवटी किनारा लागणार हे मनास ठाऊक असते. या भरवशावर गळाने मासे धरणारे लोक दोघा-तिघांची होडी घेऊन किनारा अंधुक होईपर्यंत आत जातात. परंतु मोठ्या सरोवराला स्वतःचे हवामान असते, आणि ते ओळखल्यावाचून त्यात उतरणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय.

लाटा कशा वाढतात?

लाटेची उंची तीन गोष्टींवर अवलंबून असते: वाऱ्याचा वेग, तो वाहण्याचा कालावधी आणि उघड्या पाण्यावरून त्याने तोडलेले अंतर. गावच्या तळ्यात हे अंतर थोडे असल्यामुळे सोसाट्याचा वाराही मोठी लाट उठवू शकत नाही. अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेवरील ईरी सरोवराची लांबी मात्र सुमारे ३८८ किलोमीटर आहे, आणि सरासरी खोली अवघी १९ मीटर. उथळ पाण्यात लाटेला तळाचा अडथळा होतो. तिची गती मंदावते, दोन लाटांमधील अंतर घटते आणि लाट उभट होते. लहान होडी एका लाटेवरून उतरते न उतरते तोच दुसरी तिच्यावर आदळते.

यात आणखी एक फसवणूक आहे. वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहत असेल, तर किनाऱ्यालगतचे पाणी शांत दिसते. होडी जसजशी आत जाते तसतशा लाटा वाढू लागतात. आणि परतावयाचे ते नेमके वाऱ्याच्या विरुद्ध.

ईरी सरोवराची लांबी नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे आहे आणि तेथील जोराचे वारेही बहुधा त्याच दिशेने वाहतात. असा वारा पाणी बफेलो शहराच्या बाजूस लोटतो व टोलेडोकडील पाणी ओसरते. दोन टोकांच्या पातळीत ४ मीटरांहून अधिक फरक पडल्याच्या नोंदी आहेत. वारा पडला की परातीतील पाण्याप्रमाणे सारे सरोवर हेलकावे खाऊ लागते; एका हेलकाव्यास सुमारे १४ तास लागतात. या आंदोलनास ‘सेश’ म्हणतात. स्विस शास्त्रज्ञ फोरेल यांनी १९व्या शतकात जिनीव्हा सरोवरावर त्याचा पद्धतशीर अभ्यास केला.

वादळाची वेळ

काश्मीरमधील वुलर सरोवर दुपारनंतर उठणाऱ्या वाऱ्यांबद्दल प्रसिद्ध आहे. १५व्या शतकात सुलतान झैन-उल-आबिदीन याने त्यात ‘झैना लंक’ नावाचे बेट बांधविले. वादळात सापडलेल्या नावाड्यांना आसरा मिळावा, हा त्यामागील हेतू होता असे सांगतात.

आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवराचा क्रम याहून निराळा आहे. दिवसा जमीन तापते व वारा सरोवराकडून जमिनीकडे वाहतो. रात्री जमीन लवकर थंड होते, पाणी उबदार राहते, आणि चहूंकडचे वारे सरोवराच्या मध्याकडे धावतात. तेथील दमट हवा वर चढून विजांची वादळे निर्माण होतात. दिव्याच्या उजेडाकडे ओढले जाणारे बारीक मासे पकडण्यास कोळी तेथे जातात तेही रात्रीच. मासेमारीची वेळ आणि वादळाची वेळ अशा प्रकारे एकच ठरते.

थंड पाण्याचा आघात

हिवाळा सरला की हवा लवकर तापते. खोल सरोवराचे पाणी मात्र कित्येक आठवडे गार राहते. उन्हात घाम फुटत असतानाच होडीतून पडलेला मनुष्य बर्फासारख्या पाण्यात पडतो. पहिल्या मिनिटात श्वास अनावर होतो व पाणी फुप्फुसांत जाण्याचा धोका असतो. पुढील १० मिनिटांच्या सुमारास हातपाय बधिर होतात, मग पट्टीच्या पोहणाऱ्यालाही हात मारवत नाही. शरीर थंड पडून शुद्ध हरपण्यास बहुधा याहून पुष्कळ अधिक वेळ लागतो. म्हणजे अनेकांचा मृत्यू गारठण्यापूर्वीच बुडून होतो. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या वार्षिक अहवालांवरून असे दिसते की, नौकांच्या अपघातांत बुडून मेलेल्या दर पाचांपैकी चारांहून अधिक जणांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते. होडीत ठेवलेले जाकीट आणीबाणीच्या क्षणी घालणे जवळजवळ अशक्य असते.

घ्यावयाची दक्षता

मासे धरणाऱ्याच्या काही सवयी विशेष घातक आहेत. मोठा मासा गळास लागला की सर्वजण एकाच बाजूस धावतात व होडी कलंडते. नांगराचा दोर मागच्या बाजूस बांधला, तर होडीचा तो सखल भाग लाटेकडे वळतो आणि पाणी आत शिरते; म्हणून दोर नाळेलाच बांधावा. होडीत उभे राहू नये आणि ठरलेल्यापेक्षा अधिक माणसे वा सामान घेऊ नये. मेघगर्जना ऐकू येताच गळाची काठी खाली ठेवून किनारा गाठावा, कारण उघड्या पाण्यावर होडी हीच सर्वांत उंच वस्तू असते. होडी उलटली तर तिला धरून राहावे. किनारा दिसतो त्यापेक्षा दूर असतो, आणि शोध घेणाऱ्यांना एकट्या डोक्यापेक्षा उलटी होडी लवकर दिसते.

निघण्यापूर्वी हवामानाचा अंदाज पाहावा, आणि आपण कोणत्या बाजूस जात आहोत व केव्हा परतणार हे किनाऱ्यावरील कोणास तरी सांगून ठेवावे. ठरल्या वेळी माणूस परतला नाही, तर शोध कोठे घ्यावयाचा हे त्यामुळे कळते.