कालश्रेणींचे संवादी आलेख : ‘आर’ भाषेतील रचना आणि नाईलच्या प्रवाहाचे उदाहरण

१. प्रास्ताविक

एखाद्या राशीची ठराविक कालांतराने घेतलेली मापे क्रमाने मांडली म्हणजे कालश्रेणी सिद्ध होते. तिचा कागदावरील आलेख एकदा काढला की स्थिर होतो. कोणता कालखंड दाखवावा, उभ्या अक्षाचे प्रमाण काय असावे आणि सरासरी किती वर्षांची घ्यावी, हे सर्व आलेखकाराने आधीच ठरविलेले असते. वाचकाला ते निमूटपणे स्वीकारावे लागते. संवादी आलेखात ही तिन्ही सूत्रे वाचकाच्या हाती येतात. हे स्वातंत्र्य उपकारक आहे यात शंका नाही. तथापि त्याबरोबरच चुकीचा निष्कर्ष काढण्याच्या वाटाही वाढतात. म्हणून असा आलेख रचावा कसा आणि वाचावा कसा, ह्या दोन्ही प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात एकाच उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे.

२. साधने

‘आर’ ही संख्याशास्त्रीय गणनाची भाषा न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी निर्माण केली. तिची १.०.० ही आवृत्ती २००० साली प्रसिद्ध झाली. संवादी कालश्रेणी-आलेखांसाठी ह्या भाषेत ‘डायग्राफ्स’ नावाचे पॅकेज उपलब्ध आहे. मूळ डायग्राफ्स हा जावास्क्रिप्ट भाषेतील आलेखसंच असून आरमधील पॅकेज हा त्याच्याशी जोडणारा दुवा होय. आर भाषा आकडे आणि सूचना एका एचटीएमएल पानात भरून देते. पुढची सर्व हालचाल ब्राउझरमध्ये घडते. त्यामुळे ज्याच्या संगणकावर आर नाही, असा वाचकही तो आलेख हाताळू शकतो. ह्याच रचनेचा दुसरा परिणाम असा की, आलेखासाठी दिलेले सर्व आकडे त्या पानाबरोबर वाचकाच्या हाती जातात. गोपनीय नोंदींवर काम करणाऱ्या संशोधकाने ही गोष्ट विसरता कामा नये.

कालश्रेणीची दोन रूपे येथे उपयोगी पडतात. ‘टीएस’ ह्या रूपात आरंभकाल आणि वर्षातील नोंदींची संख्या एवढेच सांगितलेले असते. ‘एक्सटीएस’ ह्या रूपात प्रत्येक आकड्यास त्याची स्वतःची तारीख जोडलेली असते. पॅकेजला पहिले रूप दिले, तरी ते त्याचे दुसऱ्यात रूपांतर करून घेते.

३. रचना

आरमध्ये अभ्यासासाठी ‘नाईल’ नावाची श्रेणी अंतर्भूत आहे. तीत आस्वान येथील नाईल नदीच्या वार्षिक प्रवाहाचे १८७१ ते १९७० ह्या १०० वर्षांचे आकडे असून एकक १० कोटी घनमीटर आहे. ‘डायग्राफ’ ही आज्ञा ह्या श्रेणीला लावली की आलेख तयार होतो. दर्शक रेषेवर नेताच त्या वर्षाचा आकडा दिसतो. ह्यानंतरच्या आज्ञा साखळीप्रमाणे जोडावयाच्या असतात. ‘डायरेंजसिलेक्टर’ आलेखाखाली कालखंड निवडण्याची पट्टी देते. ‘डायरोलर’ सरासरीचा अवधी बदलण्याची चौकट देते. ‘डायइव्हेंट’ विशिष्ट तारखेस उभी रेषा व नाव देते. ‘डायशेडिंग’ एखादा कालखंड छायांकित करते. आणि ‘डायअ‍ॅक्सिस’ अक्षाच्या मर्यादा ठरविते.

४. वाचन

ह्या श्रेणीचे मर्म १८९८ च्या सुमारास आहे. १८७१ ते १८९८ ह्या २८ वर्षांची सरासरी सुमारे १०९८ आहे, तर १८९९ ते १९७० ह्या ७२ वर्षांची ८५० आहे. घट सुमारे २३ टक्के आहे. आणि ती उतारासारखी नसून पायरीसारखी आहे. जी. डब्ल्यू. कॉब यांनी १९७८ साली ह्याच श्रेणीवर बदलबिंदूची समस्या मांडली, तेव्हापासून ती संख्याशास्त्राच्या अध्यापनात प्रसिद्ध आहे.

आता सरासरीच्या चौकटीत ५ हा आकडा घालून पाहावे. येथील सरासरी मागे पाहणारी आहे, म्हणजे चालू वर्ष आणि त्याआधीची चार वर्षे तीत येतात. १८९८ पासून १९०३ पर्यंत आलेखावरील किंमती अनुक्रमे ११७२, १०७७, ९९३, ९२४, ८५६ आणि ८२४ अशा उतरतात. मूळ नोंदीत मात्र १८९८ चा प्रवाह ११०० आणि १८९९ चा ७७४ आहे. जो बदल एका वर्षात घडला, तो सरासरीने पाच वर्षांच्या संथ ऱ्हासासारखा दाखविला! ज्याने हीच रेषा पाहिली, तो क्रमाक्रमाने वाढणाऱ्या कारणाचा शोध घेऊ लागेल. आणि असे कारण मुळात नसेल.

कालखंडाच्या निवडीतही असाच धोका आहे. १८९५ ते १९०७ एवढाच तुकडा निवडला, तर प्रवाह १२६० वरून ६९२ वर आलेला दिसतो आणि नदी आटत चालल्याचा भास होतो. परंतु त्यापुढील दोन वर्षांचे आकडे १०२० आणि १०५० आहेत. शिवाय कालखंड बदलला की उभा अक्षही आपोआप बदलतो, म्हणून किरकोळ चढउतारही मोठे वाटू लागतात. तुलना करावयाची असल्यास अक्षाच्या मर्यादा आधीच निश्चित कराव्यात.

घटनेच्या रेषेचा विवेकही ह्याच प्रकारचा आहे. आस्वानचे जुने धरण १९०२ साली पूर्ण झाले. ती रेषा आलेखावर ओढली की घट तिच्या आधीच झालेली स्पष्ट दिसते; १८९९ च्या उणे प्रवाहाचे कारण ते धरण असू शकत नाही. ह्याउलट १८७७ आणि १८९९ ही वर्षे आपल्या परिचयाची आहेत. १८७६-७८ आणि १८९९-१९०० ह्या काळांत मुंबई इलाख्यात भीषण दुष्काळ पडले. एल निन्योच्या वर्षी भारतातील मोसमी पाऊस आणि नाईलला पाणी पुरविणाऱ्या इथिओपियाच्या पठारावरील पाऊस हे दोन्ही बहुधा उणावतात. पण येथेही आलेख अधिक काही सांगतो : १८७७ च्या ८१३ नंतर लगेच १२३० आणि १३७० असे आकडे आले, १८९९ नंतर मात्र १९०७ पर्यंत प्रवाह एकदाही १००० वर गेला नाही. म्हणजे एका वर्षाचा अवर्षणयोग पहिल्या घटनेचा उलगडा करतो. दुसऱ्याचा तेवढ्याने होत नाही.

५. समारोप

तात्पर्य, संवादी आलेख हे शोधाचे साधन आहे, सिद्धतेचे नव्हे. विद्यार्थ्यांनी प्रथम मूळ आकड्यांचा संपूर्ण कालखंड पाहावा, मग तुकडे निवडावेत, सरासरी शेवटी घ्यावी. आणि प्रबंधात आलेख देताना निवडलेला कालखंड, अक्षाच्या मर्यादा व सरासरीचा अवधी ही तिन्ही स्पष्टपणे नमूद करावीत. पडद्यावर दिसलेल्या बदलास संख्याशास्त्रीय कसोटी लावल्यावाचून निष्कर्षाचा दर्जा देऊ नये.